सामाईक रानाचा वाद: या चुका टाळा

आमच्याकडे, कर्नाटकातल्या बेळगाव भागात, वाटणी सोप्यात बसून होते. थोरल्याला ओढ्याकडचं, धाकट्याला विहिरीजवळचं. पंचांनी बांधावर दगड रोवले की झालं. येळ्ळूरचं भाताचं शिवार असो की निपाणीकडचं तंबाखूचं, रीत तीच. उताऱ्यावर मात्र आजोबाच राहतात, नाहीतर सगळ्या भावांची नावं एकाखाली एक. एक पिढी काही अडत नाही. मग एखादा पुतण्या रस्त्याकडचे दहा गुंठे विकायला काढतो आणि ते दगड कुणी, कधी रोवले यावर भावकी कोर्टात जाते.

सगळ्यात महागात पडतो तो उताऱ्यावरचा भरवसा. आर.टी.सी.च्या, म्हणजे कर्नाटकातल्या सात-बाराच्या, 9 नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव असतं, 12 नंबरच्यात कोण काय पिकवतो ते. पण ही नोंद महसुलासाठी असते, तिनं मालकी तयार होत नाही. नाव चढलं म्हणून हिस्सा मिळाला असं नाही आणि वगळलं म्हणून गेला असंही नाही. फेरफार चुकीचा झाला असेल तर बेळगाव, बैलहोंगल किंवा चिक्कोडीच्या प्रांतांकडे अपील करायचं. हिस्सा कुणाचा किती, हा वाद दिवाणी कोर्टाचा. लोक एका खिडकीचं काम दुसऱ्या खिडकीत मागत वर्षं घालवतात. आमच्या घरानंही घालवली, म्हणून सांगतो.

फेरफाराची नोटीस कन्नडमध्ये येते. वाचता येत नाही म्हणून ती दिवळीत ठेवली, की हरकतीची मुदत निघून जाते. त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या. उलट जुन्या नोंदी पुष्कळदा आपल्याच भाषेत सापडतात: 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे इकडचे बरेच जुने फेरफार मराठीत आहेत, काही मोडीत. वकिलाकडे जाण्याआधी त्यांच्या नकला काढा.

“बारा वर्षं मीच कसतोय, रान माझं.” हे वाक्य मी दर पंचायतीत ऐकतो. परक्याविरुद्ध त्याला अर्थ असेल, सख्ख्या हिस्सेदाराविरुद्ध नुसत्या कसण्याला नाही. एका भावाचा कब्जा हा कायद्यानं सगळ्यांच्या वतीनं धरला जातो. दुसऱ्याचा हक्क उघड नाकारून त्याला बाहेर ठेवल्याचं सिद्ध करता आलं, तरच गोष्ट वेगळी.

बहिणीला सोडून दावा लावू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकीच वाटेकरी झाली आणि दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी सुरक्षित. तोंडी वाटणीवर विसंबून तिला वगळलं, तर दावा तिथंच लंगडा पडतो. लग्नात खर्च केला, हे कोर्टात उत्तर होत नाही.

आता वाट आणि विहीर. खरी डोकी इथंच फुटतात. वाटणीपत्रात एकर-गुंठे लिहितात, पण ऊस भरलेली ट्रॉली कुठून निघायची ते लिहीत नाहीत. विहिरीची पाळी कुणाची किती दिवस, मोटारीचं कनेक्शन कुणाच्या नावावर, पाइप कुणाच्या बांधाखालून जातो, हे सगळं कागदावर हवं. वाट कुणी अडवलीच तर रात्री बांध फोडू नका. मग तुम्हीच आरोपी होता आणि मूळ भांडण बाजूला पडतं. फोटो काढा, गावनकाशात गाडीवाट दाखवली आहे का बघा आणि मनाई हुकूम मागा. वीस वर्षं बिनहरकत, हक्कानं वापरलेल्या वाटेला 1882 चा वहिवाटीचा कायदा आधार देतो. मेहेरबानीनं दिलेल्या वाटेला नाही.

भाऊ आपला हिस्सा परक्याला विकत असेल तर गप्प बसू नका. वारशानं एकत्र मिळालेल्या जमिनीत इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे आणि शेतजमिनीलाही तो लागू होतो, असं 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय. दावा चालू असताना विकलं, तर घेणाराही निकालाला बांधला जातो.

सगळे राजी असतील तर मोजणी करून अकरा-ई नकाशा (प्रत्येकाचा हिस्सा वेगळा दाखवणारा मोजणी खात्याचा नकाशा) घ्या, वाटणीपत्राची नोंदणी करा, मग खाती फोडा. लोकअदालतीत मिटवत असाल तरी तो नकाशा सोबत न्या, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आणि सही करण्याआधी मजकूर थोरल्या काकूला मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायला लावा; विहिरीची पाळी चुकली असेल तर तीच पहिली बोलते.