गाइड निवडताना त्यांचे पेपर कसे पारखावेत

पीएचडीच्या मुलाखती आटोपल्या की मुलं ग्रंथालयात यायची. मोबाइलवर गूगल स्कॉलर उघडलेलं आणि प्रश्न ठरलेला: "मॅडम, या सरांचा एच-इंडेक्स ४१, त्या मॅडमचा १९. कुणाकडे जाऊ?" कर्करोगावर संशोधन करणाऱ्या संस्थेत मी २६ वर्षं ग्रंथपाल होते, पेपर इतरांनी किती वेळा उद्धृत केले यावरून निघणारे एच-इंडेक्ससारखे आकडे काढून देणं माझं रोजचं काम. तरी सांगते, आकडा सगळ्यात शेवटी बघा.

आधी माणूस तोच आहे ना, ते तपासा. एका निवड समितीसाठी मी काढलेल्या यादीत स्तनाच्या कर्करोगावर काम करणारे पाटील आणि उसाच्या लाल कुजेवर काम करणारे पाटील एकत्र झाले होते. बैठकीत कुणीतरी विचारलं, "हे ऊस कधीपासून लावायला लागले?" तेव्हापासून मी पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर, प्रत्येक पेपरखालचं संस्थेचं नाव जुळवते. संशोधकाची ओळख पटवणारा १६ अंकी ऑर्किड क्रमांक असेल तर काम सोपं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे आधीचे पेपर बहुतेक वेळा निसटतात, ते जुन्या नावाने शोधा.

मग लेखकांचा क्रम. आपल्या विषयात पहिलं नाव साधारणपणे प्रयोग करणाऱ्याचं, शेवटचं लॅबप्रमुखाचं. दोनशे नावांच्या पेपरात कुणी एकशे दहावा असेल तर सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांत आलेले उल्लेख, त्यालाही पूर्ण मिळतात, पण त्याने नेमकं काय केलं ते आकड्यावरून कळत नाही. पेपराच्या शेवटी अनेकदा लेखकांच्या कामाचं टिपण असतं, ते वाचा.

आता सायटेशन. ती कशामुळे मिळाली, हे महत्त्वाचं. हॅनहन आणि वाइनबर्ग यांचा 'सेल' या नियतकालिकातला २००० सालचा लेख हजारो पेपरांच्या पहिल्या परिच्छेदात सापडतो. कर्करोगाची सहा लक्षणं मांडणारा हा लेख अप्रतिम आहे, पण तो रिव्ह्यू आहे, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, त्यात नवा प्रयोग नाही. प्रथिनं मोजायची लाउरींची १९५१ सालची पद्धत तर ३ लाखांहून जास्त वेळा उद्धृत झाली. म्हणून यादीतले रिव्ह्यू, पद्धती आणि मूळ प्रयोग पेन्सिलीने वेगळे करा. मूळ प्रयोगांतले दोन-तीन पेपर निवडा आणि ज्यांनी ते उद्धृत केले त्यांची वाक्यं उघडून वाचा. कुणी त्यावर पुढचं काम रचलंय, की नुसतं पाच नावांच्या कंसात घातलंय? "आम्हाला असं आढळलं नाही" असं म्हणणाऱ्यानेही एक सायटेशन दिलेलंच असतं!

एच-इंडेक्स हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. समजा पाच पेपरांना ४०, २२, ९, ४ आणि ३ सायटेशन आहेत. किमान चार सायटेशन असलेले चार पेपर, म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्या पेपराची ४०ची ४,००० झाली तरी तो ४च. शिवाय तो वयाबरोबर वाढतो, कमी कधी होत नाही. गूगल स्कॉलर आणि स्कोपस या दुसऱ्या सूचीचे आकडेही वेगळे येतात, त्यामुळे एकाचा इथला आणि दुसऱ्याचा तिथला घेऊन तुलना करू नका.

इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाचा असतो, माणसाचा नव्हे. तो आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या सायटेशनवरून निघतो. पेटन राउस यांनी कोंबडीतल्या कर्करोगाच्या विषाणूवर १९११ मध्ये लिहिलं आणि नोबेल मिळालं १९६६ मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी. दोन वर्षांच्या मापात ते बसले नसते.

पबमेडवर मागे घेतलेल्या पेपरांवर तशी ठळक सूचना असते. तीही बघा, एखादा प्रामाणिक चुकीमुळे मागे घेतलेला असतो, कारण वाचूनच मत बनवा.

शेवटचं काम जरा वेळखाऊ आहे, पण माझा सगळ्यात जास्त भरवसा यावरच. गेल्या सात-आठ वर्षांतले लॅबचे पेपर घ्या आणि पहिली नावं वहीत लिहा. ती त्या गाइडच्या विद्यार्थ्यांची आहेत का? एकच नाव पुन्हा पुन्हा येतंय का? मग पेपरांतले आभार वाचा. पेशी वाढवल्या, ब्लॉट (प्रथिनं किंवा डीएनए ओळखायच्या चाचण्या) केले म्हणून जिचे आभार मानलेत, तिचं नाव लेखकांत का नाही? वहीतल्या दोघा-तिघांना ईमेल करा, जमल्यास त्या आभारातल्या मुलीलाही.