रोजचा व्यायाम जास्त होतो आहे, हे कसे ओळखावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम सुचवला आहे. मात्र त्यापुढे गेलेला प्रत्येक जण अतिरेकच करतो असे नाही, कारण मर्यादा मिनिटांवर नव्हे, तर व्यायामाने झालेली शरीराची झीज किती भरून निघते यावर ठरते.

म्हणून सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून वहीत लिहावी. दोन आठवड्यांत आपला नेहमीचा आकडा कळतो, आणि तो सलग काही दिवस स्पष्टपणे चढलेला दिसला, तर ताप, अपुरी झोप किंवा मानसिक ताण यांपैकी काही कारण नाही ना, हे पाहून व्यायाम कमी करावा. नाडीइतकीच महत्त्वाची नोंद झोपेची आणि मनःस्थितीची आहे, असे मला वाटते: थकूनही झोप न लागणे, विनाकारण चिडचिड होणे, नेहमीचे अंतर अवघड वाटणे. स्नायूंचे दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते. एकाच जागी टिकणारी, वाढणारी वेदना दुखापतीची असू शकते.

नाडी, झोप किंवा मनःस्थितीत असा बदल दिसल्यास आठवडाभर व्यायाम निम्मा करावा आणि पोटभर जेवावे. मासिक पाळी अनियमित झाल्यास डॉक्टरांना भेटावे. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा लघवी गडद तपकिरी होणे यांपैकी काहीही घडल्यास व्यायाम तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे.