घरच्या वायफायवर जुगाराच्या आणि अश्लील साइट बंद करण्याआधीची तयारी

राउटरचा ॲडमिन पासवर्ड शोधून ठेवा. वायफायचा पासवर्ड वेगळा. ॲडमिनचा बहुधा डब्याच्या मागच्या स्टिकरवर असतो. राउटरचं पान बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर उघडतं, जिओफायबरचं १९२.१६८.२९.१ वर. आत गेल्यावर कशालाही हात लावण्याआधी इंटरनेट (वॅन, म्हणजे बाहेरची बाजू), लॅन (घरातलं जाळं), डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारा भाग) आणि आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते, जुने ते आयपीव्ही४) या चारही पानांचे फोटो काढा. आयपीव्ही६चं पान ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये दडलेलं असतं. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

साइट बंद होणार ती डीएनएसने. डीएनएस म्हणजे साइटचं नाव विचारलं की तिचा पत्ता सांगणारी सेवा; नको त्या साइटचा पत्ता न सांगणारी सेवा लावली की ती साइट उघडत नाही. आता डीएनएसचे रकाने बदलता येतात का, ते बघा. इंटरनेट कंपनीने दिलेल्या काही डब्यांत ते कुलूपबंद असतात. तसं असेल तर वेळ घालवू नका. स्वतःचा राउटर घ्या, कंपनीच्या डब्यातून निघालेली लॅन केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये लावा आणि कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं तर मुलं त्याच्यावर जातील.

सेवा कोणती, हे काय बंद करायचं त्यावर ठरवा. फक्त अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट अडवायच्या असतील तर क्लाउडफ्लेअरचे १.१.१.३ आणि १.०.०.३ पुरतात, खातं काढावं लागत नाही. जुगार, डेटिंग, सोशल मीडिया असे गट निवडून बंद करायचे असतील तर नेक्स्टडीएनएस किंवा ओपनडीएनएस होमचं खातं लागेल. ओपनडीएनएस तुमचं घर ओळखतो बाहेरच्या आयपीव्ही४ पत्त्यावरून. म्हणून राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुमचा बाहेरचा पत्ता इतर ग्राहकांबरोबर वाटलेला आहे आणि ही ओळख टिकणार नाही. तेव्हा नेक्स्टडीएनएस घ्या: त्याच्या आयपीव्ही६ पत्त्यातच तुमच्या प्रोफाइलची खूण असते. फुकट खात्यात महिन्याला ३ लाख प्रश्नांची मर्यादा आहे (यंत्राने एका नावाचा पत्ता विचारला की एक प्रश्न). ती ओलांडली की इंटरनेट चालू राहतं पण गाळणी बंद पडते. घरात स्मार्ट टीव्ही आणि चार-पाच मोबाइल असतील तर हा आकडा मोठा नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि नेमकी हीच राहून जाते: आयपीव्ही६चा डीएनएस. आयपीव्ही४चे दोन्ही रकाने नीट भरले आणि आयपीव्ही६ तसंच सोडलं, तर काहीच केलं नाही असं समजा. राउटर प्रत्येक मोबाइलला दोन्ही मार्गांनी डीएनएसचा पत्ता सांगतो. आयपीव्ही६च्या मार्गाने कंपनीचा डीएनएस गेला की मोबाइल त्यालाच विचारतो आणि बंद केलेली साइट निवांत उघडते. क्लाउडफ्लेअरसाठी तिथे २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ भरा. एक खाच अजून आहे. अँड्रॉइड डीएनएसचा पत्ता डीएचसीपीव्ही६मधून (आयपीव्ही६च्या डीएचसीपीमधून) घेत नाही. तो हा पत्ता राउटर ॲडव्हर्टाइजमेंटमधून (राउटर स्वतःहून सगळ्या यंत्रांना पाठवतो त्या सूचनेतून) घेतो, ज्याला सेटिंगमध्ये आरडीएनएसएस म्हणतात. राउटरने फक्त डीएचसीपीव्ही६चा डीएनएस बदलू दिला, तर लॅपटॉपवर साइट बंद दिसेल आणि मुलाच्या मोबाइलवर चालू राहील. आरडीएनएसएस बदलताच येत नसेल तर लॅनवरचं आयपीव्ही६ बंद करा. नेहमीच्या वापरात त्याने काही अडत नाही. फक्त घरातल्या यंत्राला आयपीव्ही६वरून थेट बाहेरून जोडत असाल तर ते थांबेल. नेक्स्टडीएनएस आयपीव्ही६वरूनच वापरत असाल तर मात्र हा उपाय चालणार नाही.

डीएनएस वॅन आणि लॅन दोन्ही पानांवर भरा. दुसऱ्या रकान्यात ‘असू दे म्हणून’ ८.८.८.८ टाकू नका. दुसरा पत्ता फक्त पहिला बंद पडल्यावरच वापरला जातो, असं नसतं. यंत्र कधीही त्याला विचारू शकतं आणि तिथे गाळणी नाही.

फायरवॉलमध्ये (राउटरमधली ये-जा अडवणारी सोय) बाहेर जाणारे पोर्ट ५३ (साध्या डीएनएसची वाट, टीसीपी आणि यूडीपी) निवडलेल्या पत्त्यांपुरतेच उघडे ठेवा, ८५३ (सांकेतिक डीएनएसची वाट) बंद करा. नियम आयपीव्ही४ला आणि आयपीव्ही६ला वेगवेगळे लिहावे लागतात. हो, पुन्हा आयपीव्ही६. ब्राउझरमधला ‘सिक्युअर डीएनएस’ ४४३ पोर्टवरून जातो, तो असा अडवता येत नाही. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हाताने बंद करा. नेक्स्टडीएनएसमध्ये बायपास अडवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. आयफोनवर आयक्लाउडचा प्रायव्हेट रिले बंद करा, तोही राउटरचा डीएनएस टाळतो.

तपासणी लॅपटॉपवर एकदा आणि अँड्रॉइडवर एकदा. आधी दोन्हींचं वायफाय बंद करून चालू करा, नाहीतर जुनाच डीएनएस चिकटून राहतो. खऱ्या साइट उघडून बघायची गरज नाही. क्लाउडफ्लेअरने चाचणीसाठी न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम हे नाव ठेवलं आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप (nslookup) या आज्ञेने ते विचारा, उत्तर ०.०.०.० आलं पाहिजे. मग तिथेच आयपीकॉन्फिग /ऑल (ipconfig /all) चालवा आणि डीएनएस सर्व्हरची ओळ वाचा. तिथे २४०५ किंवा २४०९सारख्या आकड्यांनी सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर तो बहुधा कंपनीचा आहे, म्हणजे आयपीव्ही६ राहिलं. परत त्या पानावर जा.

मोबाइल डेटावर राउटरचं काही चालत नाही. अँड्रॉइड ९ किंवा पुढचा असेल तर प्रायव्हेट डीएनएसमध्ये फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम टाका. पण ८५३ बंद केला असेल तर घरच्या वायफायवर हा मोबाइल अडकेल. क्लाउडफ्लेअरपुरता तो उघडा ठेवा.

गेस्ट वायफायचा डीएनएस वेगळा असू शकतो, बघा. यूट्यूबवरचा एखादाच व्हिडिओ डीएनएसने अडत नाही. बँक किंवा शाळेची साइट चुकून अडली तर अपवादांच्या यादीत घाला. ॲडमिन पासवर्ड बदला. राउटर रीसेट झाला, अपडेट झाला किंवा कंपनीच्या माणसाने हात लावला, की सगळी तपासणी पुन्हा, सुरुवात आयपीव्ही६पासून.