ताकदीची गोळी घेऊनही थकवा जात नाही? या चुका टाळा

“ताकदनी गोळी द्या, भाऊ.” जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही मेडिकलवर थोडा वेळ उभे राहा, हे वाक्य कानावर पडतेच. बी-कॉम्प्लेक्सची पट्टी मिळते, महिनाभर गोळ्या होतात आणि थकवा तसाच राहतो. मी बायोकेमिस्ट्री शिकवतो, म्हणून नात्यागोत्यातले लोक मलाच विचारतात की गोळी लागू का पडत नाही.

पहिली चूक ‘ताकद’ या शब्दातच आहे. ब-जीवनसत्त्वे ऊर्जा देत नाहीत. ऊर्जा भाकरीत असते. ती मोकळी करणारे एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली विकरे, बऱ्याचदा एकटी काम करू शकत नाहीत. त्यांना को-एन्झाइम नावाचा जोडीदार लागतो आणि तो शरीर जीवनसत्त्वापासून स्वतः घडवते. बी-वन, म्हणजे थायमिन, पेशीत शिरले की त्याला दोन फॉस्फेट जोडले जातात, तेव्हा कुठे ते कामाचे होते. बी-टूपासून एफएडी बनते, नायसिन म्हणजे बी-थ्रीपासून एनएडी, बी-फाइव्हपासून को-एन्झाइम ए. पोटात भाकरी नसेल, उपास आणि अर्धपोटी राहणे चालू असेल, तर नुसत्या जोडीदारांनी काय करायचे?

दुसरी चूक म्हणजे एकच जीवनसत्त्व धरून बसणे. कळण्याच्या भाकरीतल्या पिठाचे ग्लुकोज होते, ग्लुकोजचे पायरुवेट. पुढे पायरुवेटचे अ‍ॅसिटिल को-ए करणाऱ्या एकाच एन्झाइम-समूहाला पाच को-एन्झाइम लागतात. त्यांतली चार बी-वन, बी-टू, बी-थ्री आणि बी-फाइव्हपासून येतात, शिवाय मॅग्नेशियम हवेच. एक जरी कमी पडले तरी काम तिथेच अडते. बी-सिक्सला सक्रिय रूप देणाऱ्या एका एन्झाइमलाही बी-टूचाच आधार लागतो. ज्वारी-उडदाचे कळण, शेंगदाणे, आपली केळी, पालेभाजी, ताक असे मिश्र ताट म्हणूनच मोलाचे.

पण तेच ताट आपण स्वयंपाकात कमजोर करतो. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून चिमूटभर सोडा टाकायची सवय अनेक घरांत आहे. सोड्याने पाणी अल्कधर्मी होते आणि थायमिन उष्णतेत झपाट्याने नष्ट होते. डाळ रात्री भिजवा, आरओ फिल्टरचे पाणी वापरा, सोडा टाळा. दारूचे व्यसन असेल तर आणखी वाईट, कारण दारूमुळे आतड्यातून थायमिन नीट शोषले जात नाही.

आता बी-ट्वेल्व्ह, आणि इथे मला जरा थांबावेसे वाटते, कारण सर्वांत जास्त नुकसान याच्याच घोळामुळे होते. भरीत-भाकरी, ठेचा, वरण-बट्टीतली बट्टी आणि वरण, यांत बी-ट्वेल्व्ह नसते. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात आणि आपल्यापर्यंत दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून पोहोचते. माळ घातलेल्या घरांत दूध-दही कमी झाले की साठा हळूहळू उतरतो. यकृतात तो काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते. खाल्लेले बी-ट्वेल्व्ह शोषण्यासाठी जठरातून स्रवणारे इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचे प्रथिन लागते आणि हा मार्ग एका वेळी फक्त दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत घेतो. मोठ्या डोसमधला साधारण एक टक्का वेगळ्या वाटेने झिरपतो, म्हणून गोळ्या हजार-दीड हजार मायक्रोग्रॅमच्या असतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल तर शोषण आणखी घटते. अशांनी डॉक्टरांना विचारून बी-ट्वेल्व्ह तपासून घ्यावे.

मिथाइलकोबालामिन हे बी-ट्वेल्व्हचे रूप ‘आधीच सक्रिय’ असते म्हणून दुप्पट पैसे मोजू नका. पेशीत गेल्यावर त्याचा मिथाइल गट काढलाच जातो आणि शरीर गरजेप्रमाणे दोन रूपे नव्याने घडवते: एक पेशीद्रवात, दुसरे मायटोकॉन्ड्रियात.

सगळ्यांत धोकादायक चूक म्हणजे ‘रक्त कमी आहे’ म्हणून स्वतःच्या मनाने मोठ्या डोसचे फॉलिक अ‍ॅसिड घेणे. बी-ट्वेल्व्ह नसेल तर शरीरातले फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे याच जीवनसत्त्वाचे गोळीतले रूप) एकाच रूपात अडकून पडते. वरून फॉलिक अ‍ॅसिड दिले की हिमोग्लोबिन सुधारते, रिपोर्ट चांगला दिसतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते. गरोदर बाईंना डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतात ते योग्यच आहे, ते बंद करू नका.

पायांना मुंग्या येतात म्हणून बी-सिक्सचा डोस वाढवणारेही भेटतात. महिनोन्महिने जास्त बी-सिक्स घेतल्यानेच मुंग्या येऊ शकतात. तेव्हा आधी पट्टीवरचे मिलिग्रॅम वाचा. क्षयाच्या आयसोनियाझिडबरोबर डॉक्टर बी-सिक्स देतात तो वेगळा हिशेब, कारण ते औषध बी-सिक्सचे कामच अडवते.

लघवी भडक पिवळी झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून गोळी सोडू नका. ते जादा रायबोफ्लेव्हिन, म्हणजे बी-टू, बाहेर पडत असते. जळजळ किंवा ताप असेल तर मात्र दाखवा.

तपासणीच्या आधीच बी-ट्वेल्व्ह सुरू केले तर आकडा वर जातो आणि मूळ कमतरता झाकली जाते, म्हणून रक्त आधी द्या, गोळी नंतर. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबमध्ये ते आवर्जून सांगा, कारण थायरॉईडच्या काही चाचण्यांत त्यामुळे चुकीचे आकडे येतात. किती दिवस आधी थांबायचे ते तिथेच विचारून घ्या.