रिकाम्या व्हर्च्युअल मशीनमध्ये यूएसबीचा टायमर सीपीयू खातो आहे का, हे कसे तपासावे

देवगडच्या एखाद्या आंबा बागायतदाराने बिलिंगचा जुना विंडोज प्रोग्राम लिनक्स संगणकावर, क्यूएमू या अनुकरण करणाऱ्या प्रोग्रामच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, चालू ठेवला आहे असे धरू. पावसाळ्यात वीज गेली की संगणक इन्व्हर्टरवर चालतो, आणि कोणी काम करत नसतानाही सीपीयू सतत जागा राहिला, तर बॅटरी नाहक उतरते.

अशा वेळी पहिला संशय यूएचसीआय या जुन्या यूएसबी कंट्रोलरवर घ्यावा. त्याची फ्रेम, म्हणजे कामाची एक फेरी, १ मिलिसेकंदाची असते. खऱ्या यंत्रात कामांची यादी चिपच वाचते, पण अनुकरणात तेच काम करण्यासाठी क्यूएमूला सेकंदाला १००० वेळा टायमर वाजवावा लागतो. माउसचा बाण खिडकीत अडकू नये म्हणून जोडलेला यूएसबी टॅब्लेट (माउसऐवजी बाणाची जागा थेट सांगणारे आभासी उपकरण) बहुधा हा कंट्रोलर जागा ठेवतो.

प्रथम गेस्टमधील, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतील प्रणालीतील, सर्व प्रोग्राम बंद करून पाच मिनिटे थांबावे आणि होस्टवर (मूळ लिनक्स संगणकावर) टॉप या साधनात क्यूएमूचा सीपीयू वापर, तर पॉवरटॉप या वीजवापर दाखवणाऱ्या साधनात सेकंदाला किती वेळा जाग येते ते टिपून ठेवावे. नंतर एस-ट्रेस हे सिस्टिम कॉल नोंदवणारे साधन क्यूएमूच्या प्रक्रियेला दहा सेकंदच जोडून पीपोल हा सिस्टिम कॉल (घटनेची वाट पाहण्यासाठी प्रोग्रामने लिनक्सला केलेली विनंती) किती वेळा झाला ते मोजावे. आकडा दहा हजारांच्या आसपास असेल, तर संशय बळावतो. हे साधन प्रक्रियेला स्वतःच मंदावते, म्हणून आकडा अंदाजापुरताच धरावा.

खरा निवाडा पुढच्या पायरीत होतो. मशीन बंद करून व्हर्श एडिट या आदेशाने मशीनची मांडणी उघडून फक्त टॅब्लेटची नोंद काढावी, बाकी कशालाही हात लावू नये, आणि तीच मोजणी पुन्हा करावी. आकडा उतरला नाही, तर यूएसबी कंट्रोलरचे मॉडेल ‘नन’ (म्हणजे कंट्रोलरच नाही) करून पाहावे. तरीही फरक पडला नाही, तर दोष यूएसबीचा नाही. गेस्टमधील एखादा प्रोग्राम, विशेषतः ध्वनी किंवा व्हिडिओ चालवणारा, घड्याळाचे ठोके (टायमरचा वेग) वाढवून घेत आहे का ते शोधावे. एकाच वेळी दोन बदल केले, तर कशाने काय झाले हे कळणारच नाही, म्हणून येथे घाई मुळीच करू नये.

दोष यूएसबीचाच निघाला, तर लिनक्स किंवा विंडोज ८ व त्यानंतरच्या गेस्टला एक्सएचसीआय हा नवा यूएसबी कंट्रोलर द्यावा. त्याला काम सुचवले गेले तरच तो हलतो. विंडोज एक्सपी आणि ७ मध्ये त्याचा ड्रायव्हर मुळातून नसतो, त्यामुळे तेथे टॅब्लेट काढून पीएस/२ (यूएसबीआधीच्या जुन्या जोडणीचा) माउस ठेवणे मला अधिक खात्रीचे वाटते. बाण खिडकीत अडकला, तर डावीकडील कंट्रोल व ऑल्ट एकत्र दाबून तो सोडवता येतो. लिनक्स गेस्टमध्ये जुनाच कंट्रोलर ठेवायचा असेल, तर टॅब्लेटच्या पॉवर कंट्रोल फाइलमध्ये ‘ऑटो’ लिहावे, म्हणजे तो वापर नसताना झोपतो.

बिलिंगच्या प्रोग्रामला परवान्याचा डाँगल (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) लागत असेल, तर टॅब्लेट काढूनही तो डाँगल त्याच कंट्रोलरला जागा ठेवू शकतो. म्हणून शेवटची मोजणी डाँगल जोडून आणि काढून अशी दोन्ही प्रकारे करावी, आणि बदलानंतर प्रोग्राम डाँगल ओळखतो याची खात्री एखादे बिल छापून करून घ्यावी.