‘वा, मस्त’च्या पुढे: पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या नव्या सोबत्यांसाठी

पक्ष्यांचे फोटो काढायला हौसेनं लागलेली बरीच माणसं पहिल्या हिवाळ्यानंतर कॅमेरा कपाटात ठेवून देतात. लेन्स कमी पडली असं ती सांगतात, पण बहुतेक वेळा सोबत कमी पडलेली असते. जायकवाडीच्या काठावर पहाटे पोहोचायचं, चारशे फोटो काढायचे, घरी येऊन पाहायचं तर एकही धारदार नाही, आणि काय बिघडलं हे सांगायला कुणी नाही. असं दोन-तीनदा झालं की उत्साह ओसरतो. ग्रुपवर फोटो टाकला तर ‘वा, मस्त’ आणि चार अंगठे येतात. त्यानं बरं वाटतं, पण पुढचा फोटो सुधारत नाही. या छंदात दाद नेमकी द्यावी लागते आणि नवख्यानंही ती नेमकी मागायला शिकावं लागतं.

सोबती मिळवायला सगळ्यात सोपा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या दिवसांत वनविभाग, महाविद्यालयं आणि स्थानिक निसर्गप्रेमी मंडळं पहाटेच्या फेऱ्या काढतात. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, फेब्रुवारीत चार दिवसांचा बर्ड काउंट, म्हणजे पक्षीमोजणी. अशा ठिकाणी कॅमेरा न घेता गेलात तरी चालतं. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण आणि एक वही पुरे. दुर्बिणीतून आधी पक्षी हेरून देणारा, त्याची नोंद करणारा आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरणारा माणूस कुठल्याही गटाला हवाच असतो. त्याची नजर वर्षभरात तयार होते आणि कॅमेरा आल्यावर फार उपयोगी पडते.

फेऱ्यांत भेटलेल्यांपैकी ज्यांच्याशी सूर जुळेल असे दोघे-तिघे निवडा. एका गाडीत चारच्या वर माणसं झाली की काठावर बोलणं वाढतं आणि पक्षी उडतात. नवीन मुलं सगळ्यांना ‘सर’ म्हणतात आणि मग विचारायला कचरतात. जुन्या माणसानं पहिल्याच दिवशी ‘दादा म्हण, ताई म्हण’ असं सांगून टाकावं. प्रश्न आपोआप येतात.

कॅमेरा घ्यायची वेळ आली की आधी सोबत्यांच्या कॅमेऱ्याचं माउंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, पाहा. निकॉनची लेन्स कॅननच्या बॉडीला थेट बसत नाही. जवळच्या दोघांकडे जे माउंट आहे तेच घेतलं तर लेन्स, बॅटरी, चार्जर अदलाबदल करता येतात, आणि १५०-६०० मिलिमीटरसारखी लांब पल्ल्याची लेन्स विकत घेण्यापूर्वी एक सकाळ हातात धरून पाहता येते. साधारण दोन किलो वजन हातात तासभर पेलवतं का, हे दुकानात कळत नाही. तोवर क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ७०-३०० ची लेन्स पुरते. वेडा राघू, कोतवाल, खाटीक, नीलपंख, टिटवी हे रस्त्याकडेचे पक्षी त्यात छान मिळतात. उसनी लेन्स घेताना पडली-झडली तर खर्च कुणाचा, हे आधीच बोलून घ्यावं. अवघड वाटतं, पण मैत्री टिकते.

गाडीत बसल्यावर

गाडी हा सगळ्यात स्वस्त आडोसा आहे. माणूस उतरला की भोवत्या हा शिकारी पक्षी उठून जातो. गाडी थांबली तर तारेवरचा नीलपंख बसून राहतो. चालकानं वेग हळूहळू कमी करत, सूर्य पाठीमागे येईल असं तिरकं थांबावं आणि इंजिन बंद करावं, नाहीतर त्याच्या थरथरीनं लांब लेन्समधला प्रत्येक फोटो हलतो. काच अर्धी वर ठेवून तिच्यावर बीनबॅग टाकायची. बीनबॅग विकत घ्यायची गरज नाही. जाड कापडाची दोन खणांची पिशवी शिवून घ्या आणि दीड-दोन किलो ज्वारी किंवा मटकी भरा. धान्य गच्च भरलं तर लेन्स बसत नाही, घसरते, तीन-चतुर्थांशच भरावं. दार आपटू नये, आत कुजबुजतच बोलावं.

आता मैत्रीची खरी परीक्षा. उजेडाची बाजू एकाच खिडकीला येते. दर अर्ध्या तासानं जागा बदलायची, असं निघतानाच ठरवा. गटात जो सगळ्यात नवा, त्याला पहिली पाळी द्यावी, कारण उजेड सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासातच सर्वांत गोड असतो आणि जुन्या माणसाकडे त्या पक्ष्याचे फोटो आधीच असतात. डिझेलचा खर्च वाटून घ्यायचा. ज्याची गाडी त्याला त्यातून वगळायचं.

पाणी पाहून ठिकाण ठरवा

नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, बशीसारखा उथळ आहे. सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटरपर्यंत रुंद. उथळ असल्यामुळे पाण्याची पातळी थोडी उतरली तरी काठ कितीतरी आत सरकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धरण भरलेलं असलं तर बदकं दूर आत असतात आणि चिखल दिसत नाही. पाणी ओसरू लागलं की दलदल उघडी पडते. मग तुतवार, शेकाटे, चमचे, चित्रबलाक हे पक्षी काठाशी येतात आणि रोहित (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात उतरतात. त्यामुळे मागच्या वर्षी ज्या जागी पट्टकादंब हंस मिळाले ती जागा यंदा पाण्याखाली असू शकते, किंवा तिथं हरभरा उभा असू शकतो. काठच्या गावात राहणारा एक सोबती, रोज पाण्यात जाणारा एखादा भोई किंवा गाळपेर (पाणी ओसरलेल्या गाळात पेरणी) करणारा शेतकरी, कुठल्याही ॲपपेक्षा खात्रीनं सांगतो की पाणी कुठवर आहे आणि थवा कोणत्या बाजूला आहे. येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, विष्णुपुरी, मांजरा या जलाशयांनाही हेच लागू.

जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. परवानगी कुठं लागते आणि बोट कुठवर नेता येते हे वनविभागाकडून आधी विचारून घ्यावं. धरणाच्या भिंतीवर कॅमेरा काढू नये, आणि ड्रोन तर पक्ष्यांजवळ कधीच नको. एका ड्रोननं हजारोंचा थवा उठतो आणि त्यांची चरण्याची वेळ वाया जाते.

फोटो कसा वाचायचा

सोबत्यानं फोटो दाखवला की आधी त्यात काय साधलं ते कारणासह सांगा. ‘छान आहे’ म्हणण्याऐवजी ‘तू बसून काढलास म्हणून मागची जमीन पुसट झाली आणि धोबी पक्षी उठून दिसला’ असं. मग एकच उणीव. चार उणिवा एकदम ऐकल्या की माणूस गप्प होतो. आणि उणीव सांगण्याआधी सेटिंग विचारा, कारण सारखाच अंधुक दिसणारा फोटो चार वेगळ्या कारणांनी बिघडलेला असतो.

चित्र शंभर टक्के मोठं करून डोळा पाहा. पूर्ण चित्र एकाच दिशेला ओढल्यासारखं असेल तर हात हलला. शटरचा वेग वाढवा, टेकू घ्या. डोळा धारदार आणि पंखांची टोकंच पुसट असतील तर शटर पक्ष्याच्या वेगाला कमी पडलं, आणि हा काही मोठा दोष नाही. कधी तसंच छान दिसतं. पुढचं गवत स्वच्छ आणि पक्षी अंधुक असेल तर फोकसचं क्षेत्र फार मोठं ठेवलं होतं. एकच बिंदू किंवा लहान गट निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तरी गवतात आणि बाभळीत ती फसते, हे सोबत्याला सांगून ठेवा.

चौथं कारण मराठवाड्यात फार भेटतं आणि नवखे त्यासाठी लेन्सला दोष देतात. हिवाळ्यातही ऊन चढल्यावर, साधारण नऊ-साडेनऊनंतर, काळी जमीन आणि उघडा चिखल तापून हवा थरथरते. सव्वाशे मीटरवरचं बदक पाण्यात विरघळल्यासारखं, कडा नागमोडी झालेलं येतं. याला शटर, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता), महागडी लेन्स, कशाचाच उपाय नाही. अंतर कमी करा किंवा पहाटे लवकर जा. डिसेंबर-जानेवारीत इकडे सूर्योदय सातच्या आसपास होतो, म्हणजे खऱ्या कामाचे तास दोन-अडीचच. त्यानंतर काठावर थांबून पक्षी ओळखा, यादी करा, चहा प्या.

सुरुवातीची सेटिंगं अशी. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, चुळबुळ्या लहान पक्ष्याला १/१०००, उडत्याला १/२००० किंवा त्याहून जास्त. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेडाचं छिद्र, सर्वांत उघडं, किंवा त्याहून एक पायरी बंद. आयएसओ ऑटोवर, कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४००. सतत फोकस आणि बर्स्ट (सलग फोटो) चालू, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली. उजेडाच्या मोजमापाला मात्र डोकं लावावं लागतं. काळसर पाण्यापुढे पांढरा बगळा असला की कॅमेरा चित्र उजळवायला जातो आणि पिसांचा तपशील जळतो. तिथं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेडाची दुरुस्ती) उणे दोन-तृतीयांश ते उणे एक द्यावं. उलट, फिकट आभाळावर सापमार गरुड आला तर तो काळा ठिपका होतो. तिथं अधिक एक, कधी दीडही. घरी आल्यावर पिसांतला पांढरा रंग आधी तपासायचा. जळलेला पांढरा परत मिळत नाही, अंधार बराच उजळवता येतो.

नव्या माणसानं ग्रुपवर फोटो टाकताना शटर, ॲपर्चर, आयएसओ, अंतर आणि वेळ खाली लिहावी आणि प्रश्न एकच विचारावा: ‘डोळा का आला नाही?’ उत्तर मिळतंच. आणि दर फेरीनंतर प्रत्येकानं आपला एक चांगला आणि एक बिघडलेला फोटो दाखवायची पद्धत लावली तर नवख्याला कळतं की जुन्या माणसाचेही दहातले आठ फोटो टाकूनच द्यावे लागतात. हे कळणं हाच मोठा दिलासा असतो. ओळखीपुरता निघालेला फोटो, ज्याला आपण रेकॉर्ड शॉट म्हणतो, त्यालाही मान द्या. अंधुक पण ओळखू येणाऱ्या धाविक पक्ष्याची नोंद यादीत पूर्ण मोलाची असते.

अडवणारा मित्रही हवा

बगळ्यानं मान ताणली, चरणं थांबवलं, पिसं अंगाशी आवळली की तो उडायच्या बेतात आहे. तिथंच थांबायचं, त्याचं चरणं पुन्हा सुरू झाल्यावर तिरक्या वाटेनं दोन पावलं. सरळ त्याच्या अंगावर चालून गेलात की उडालाच. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत असेल तर अंडी जवळ आहेत. आल्या वाटेनं परत फिरा. मार्च-एप्रिलपासून आपल्या माळावर ऊन इतकं असतं की आईबाप अंड्यांवर सावली धरून बसतात. ते माणसांमुळे दूर राहिले तर अंडी तापून मरतात, आणि आपल्या हालचालीकडे पाहून कावळे घरट्यापर्यंत पोहोचतात. घरट्याचा फोटो नवख्यानं मागितला तर रागावू नका, हे कारण सांगा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही तसंच. नर प्रतिस्पर्धी आला समजून चरणं सोडून भांडायला येतो आणि त्याची ताकद वाया जाते.

घुबडाचा ठिकाणा तर कुणालाच देऊ नये. अंधश्रद्धेपोटी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, घुबडं पकडली जातात. फोटोतली जीपीएस नोंद काढून टाका, मागचं देऊळ किंवा बुरूज ओळखू येत असेल तर तेवढा भाग कापा. ठिकाण लपवलं म्हणून नवे लोक दुखावतात; त्यांना त्याऐवजी शेजारचा तलाव किंवा माळ दाखवायला स्वतः घेऊन जा.

शिवारातल्या माणसांशी नातं हा या छंदाचा अर्धा भाग आहे. बांधावर गाडी लावण्याआधी ‘रामराम मामा, बगळे बघायला आलोय, इथं थांबू का?’ एवढं विचारलं की कुणी नाही म्हणत नाही. ज्वारी फुलोऱ्यात किंवा हरभरा घाट्यावर असताना पिकात पाऊल टाकू नये, वाट धुऱ्यावरूनच. हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचे थवे कणसांवर उतरतात. आपल्याला ते ढगासारखं वळणारं दृश्य हवं असतं, मामांना कणसं वाचवायची असतात. माळ्यावर गोफण घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘थोडं थांबा’ म्हणू नये. त्याच्या मागे, जरा लांब उभे राहा. तो हाकलतो तेव्हाच थवा उठतो. पुढच्या वेळी जाताना त्याच्या शेतातल्या पक्ष्याचा सहा बाय आठचा प्रिंट न्या. तो भिंतीवर लागला की गावातली पोरंही विचारू लागतात, आणि त्यातलाच एखादा पुढं तुमचा पाणी सांगणारा सोबती होतो.

पावसाळ्यात काठावर फारसं काही नसतं, पण गट विस्कटतो तो याच महिन्यांत. सुगरणीची वसाहत विहिरीवर किंवा बाभळीवर असेल तर पंधरा-वीस मीटरवरून बसून पाहा. नर घरटं विणतो, मादी पाहायला येते, नवख्याला वेगवान हालचालीचा सराव तिथं उत्तम मिळतो. रविवारी संध्याकाळी एकत्र बसून मागच्या हिवाळ्याचे फोटो निवडा, मर्लिन ॲपवर पक्ष्यांचे आवाज ओळखा, रॉ फाइल उजळवायला शिका. दोन हार्ड डिस्क ठेवा आणि एक सोबत्याच्या घरी, म्हणजे एकाकडे चोरी किंवा बिघाड झाला तरी फोटो राहतात. लेन्स मात्र कापडी बॅगेत ठेवू नका, बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या आणि आत आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर, एवढ्यात दोघांची सामग्री मावते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून घ्या, पुन्हा निळे होतात. त्या कढईत नंतर काही शिजवू नका. डबा ज्याच्या घरी, त्यानं दर रविवारी मीटर पाहून दुसऱ्याला कळवावं.