माझे सहा ‘बिनकेरास’ नमुने

स्वादुपिंडाच्या कर्करोगावर प्रोजेक्ट घेतलाय? मग केरास, सीडीकेएन२ए, टीपी५३ आणि स्मॅड४ ही जीन्सची चौकडी पाठ असेलच. केरास सुरुवातीलाच बिघडतो. टीपी५३ आणि स्मॅड४ बहुधा उशिरा, पेशी घुसखोरीच्या बेतात येतात तेव्हा. मी आपटलो ते भलतीकडेच.

वेंगुर्ल्यात घरी, भर पावसात, वीज असेल तेवढा वेळ लॅपटॉपवर काम चालायचं. गाठींच्या डीएनए वाचनातून जीनमधले बिघाड शोधायचे होते. सरांची तयार पाइपलाइन, म्हणजे ठरलेल्या प्रोग्रॅमची साखळी, होती: जीनच्या १० टक्क्यांहून कमी प्रतींत दिसणारा बदल कचरा समजून गाळायचा. सहा नमुन्यांत केरास धडधाकट निघाला. ९० टक्क्यांहून जास्त गाठींत बिघडलेला जीन! मला वाटलं, घबाड लागलं.

आता नीट वाचा. ही गाठ म्हणजे नुसत्या कर्कपेशी नव्हेत. तंतुमय ऊतीचाच भरणा जास्त. समजा १०० पेशींत १५ कर्कपेशी आहेत. पेशीगणिक दोन, म्हणून जीनच्या प्रती २००. कर्कपेशीत दोनांतली एक बिघडलेली, म्हणून बिघडलेल्या १५. म्हणजे साडेसात टक्के. माझ्या गाळणीने त्या फेकून दिल्या. बाबांना समजावलं तर म्हणाले, “जवळ्याक सुरमयचा जाळा लावलंस तू.”

म्हणून सरळ १ टक्क्यावर येऊ नका, यंत्राच्या चुकाही खऱ्या वाटायला लागतील. एक जागा ३०च वेळा वाचली असेल तर साडेसात टक्के म्हणजे जेमतेम दोन रीड, म्हणजे दोनच वाचनं. त्यावर कसला निकाल देणार?

स्मॅड४ तर याहून लबाड. टीजीएफ-बीटा या निरोप्या प्रथिनाचा ‘वाढ थांबव’ हा निरोप त्याच्यामार्फत जातो; तो गेला की ब्रेक सुटतो. त्याच १५ पेशींतून दोन्ही प्रती उडाल्या तरी २००पैकी १७० शिल्लक, प्रतींचा आलेख किंचित खाली. सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेल्या स्लाइडवर मात्र कर्कपेशींतलं स्मॅड४ प्रथिन गायब झालेलं डोळ्यांनी दिसतं.

तयार पाइपलाइनवर माझा राग आहे, आणि “आकडा का?” विचारल्यावर चिडणाऱ्या गाइडवर त्याहून जास्त. पॅथॉलॉजीवाल्या मॅडमनी अर्धा तास शेजारी बसवून गाठीत कर्कपेशी किती ते दाखवलं. हे आधी झालं असतं तर माझे चार महिने वाचले असते. घाबरू नका, चार महिने गेले म्हणून कोणी प्रोजेक्टमधून काढत नाही. मला नाही काढलं.

पुन्हा तपासल्यावर पाच नमुन्यांत केरास बिघडलेला सापडला. सहाव्यात खरंच नाही. तिथे आता बीआरएएफ या दुसऱ्या जीनमधला बिघाड शोधतोय.